सुतळी लावून खणलेला खंदक

परवा वस्तीतल्या कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माईकवर 'एकाहत्तरच्या युद्धातील रणरागिणी' असं म्हटलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोणी मोठी बाई आली की काय. त्या लढाईत मी एक खंदक खणवला, एवढंच. तोही आधी चुकला होता. हे माईकवर सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, आणि मॅट्रिक न झालेल्यांची मनातून कीव करणारी. नागपुरात बायकांना होमगार्डमध्ये घेतात असं कळलं आणि मी नाव दिलं. देशप्रेम होतं, नाही म्हणत नाही. पण आधी डोळ्यांत भरला तो खाकी साडीवरचा चामडी पट्टा. नवऱ्याने हो म्हटलं. वाद टळत असेल तर तो कशालाही हो म्हणायचा. प्रश्न होता मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. उमरेडकडची शेती त्यांनी स्वतः कसलेली. पेरण्या आटोपल्या की कापणीपर्यंत ते आमच्याकडे नागपुरात येऊन राहायचे.

त्या काळी सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. दोघं एकाच खोलीत असलो तरी बोलणं सासूबाईंमार्फत जायचं. मामाजी त्यांना म्हणाले, "तिले सांग, घाल म्हणा तो डरेस. पण ज्या दिवशी त्याच्यापायी गल्ली आपल्याले हासन, त्या दिवशी वापस करून याचा."

मी तिथेच, चार हातांच्या अंतरावर कणीक मळत होते. म्हटलं, "त्यायले सांगा, नाही हासत कोणी."

मग दर रविवारी सकाळी परेड सुरू झाली. घरी मी सूनबाई, माहेरी ताई. तिथे मी सतरा नंबर. कोणाची कोणीही नाही, नुसती सतरा नंबर. ती हाक आली की माझी मान अशी ताठ व्हायची, की जेवायला बसले तरी ताठच. सासूबाई विचारायच्या, "मान आखडली काय वं?" आखडली नव्हती. मला ते कपडे कधीच परत करायचे नव्हते.

डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले, आणि विमानहल्ल्यात लपायला प्रत्येक गल्लीने मोकळ्या जागेत एक खंदक खणावा असं ठरलं. आमच्या गल्लीची जबाबदारी माझ्यावर आली. आम्हाला शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी फळ्यावर खंदक काढून दाखवला. रेघ थोडी इकडे जायची, थोडी तिकडे. सुभेदारसाहेबांचा हात चहाचा कप धरतानाही थरथरायचा, हे मी आधीच हेरून ठेवलेलं. माझ्या मॅट्रिक डोक्याने लगेच निदान केलं: म्हातारपण. रेघ वाकडी का, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं म्हणे. मी तेव्हा शेजारणीच्या पट्ट्याचं बक्कल पाहत होते. ते माझ्या बकलापेक्षा जास्त चमकत होतं. घरी येऊन मी पट्टी घेतली आणि बिचाऱ्यांची रेघ वहीत सरळ करून टाकली.

खणायला गल्लीतले सात-आठ पुरुष जमले, पण सूत्रं मामाजींनी हाती घेतली. दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. "पेरतानी माह्या तिफणीचं तास कधी वाकडं गेलं नाही," ते म्हणाले, "हे तं नुसतं खोदणं हाये." वरची काळी माती संपून खाली मुरूम लागला तरी सुतळी हलली नाही. दोन दिवसांत छातीइतका खोल खंदक तयार झाला. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचं फावडं दिसायचं. शेजारच्या गल्लीतले लोक मुद्दाम पाहायला आले आणि मामाजींनी त्यांना सुतळीसुद्धा दाखवली.

मग सुभेदारसाहेब तपासायला आले. सगळी गल्ली गोळा झाली. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"नाली मस्त खोदली," ते म्हणाले. "खंदक कुठे आहे?"

लोक हसले. साहेबांनी सांगितलं, की खंदकाला वळणं लागतात. सरळ असला आणि एका टोकाशी बॉम्ब पडला, तर त्याचे तुकडे दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना घेऊन जातात. वळण असलं की तिथेच अडतात.

मामाजींचे कान लाल झाले. ते पुढे आले. "चूक माही हाये, साहेब. पोरीनं वाकडाच सांगतला होता. माह्या हाताले वाकडं जमत नाही."

वाकडा हा शब्द मी त्यांच्यापर्यंत पोचवलाच नव्हता. जन्मभर खोटं न बोललेला तो माणूस माझे कपडे वाचवत होता. आणि रणरागिणी काय करत होती? गप्प उभी होती. साहेब पुढच्या गल्लीकडे वळले, चार पावलं गेले, तोवर गप्पच. मग कुठे तोंड उघडलं. सासूबाई बाजूलाच होत्या, पण मामाजींच्या देखत बोलताना त्यांच्यामार्फत जायचं राहून गेलं.

"साहेब, मामाजी खोटं बोलून राहिले. मीच सरळ सांगतला. मले वाटलं तुमचा हात थरथरते म्हणून रेघ वाकडी."

आता गल्ली खरी हसली. साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "थरथरतो," ते म्हणाले. "पण खंदक वाकडाच असतो, सतरा नंबर. परवा परत येतो."

घरी गेले, साडीची घडी घातली, वर पट्टा ठेवला आणि मामाजींच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. ते भाकर खात होते.

"हे काय वं?" त्यांनी मलाच विचारलं.

"गल्ली हासली."

"हासली तं हासली. ते वापस कराचं मंग पाहू. आता नाली कोठी कोठी वळवाची, हे मले कोण सांगन? डरेस घाल अन् चाल."

दोन दिवस आम्ही ती नाली मोडत होतो. एका जागी बुजवायचं, दुसरीकडे फोडायचं. वळणाची जागा आली तरी मामाजींचा हात आपोआप सरळच जायचा. मग मी काठावरून शिट्टी फुंकायची, ते दचकायचे आणि पुटपुटत वळायचे. "बैलं असते तं त्यायनं मले सोडून देलं असतं," असं एकदा म्हणालेही.

साहेब आले. स्वतः खाली उतरून प्रत्येक वळण चालून गेले, आणि वर येऊन नुसती मान हलवली. मामाजी अजून आतच उभे होते, काठावर कोपरं टेकवून.

"साहेब, माणसायची भरती होते काय?"

"होते. वय किती?"

"साठीच्या आसपास."

"मग नाही होत, बाबा."

मामाजींनी जरा विचार केला. "मंग हिलेच ठेवा. अक्कल कमी हाये, पण कबूल करते. थोडा टाइम लागते, एवढंच."

लढाई थोड्याच दिवसांत संपली. त्या खंदकात उतरायची वेळ कोणावरच आली नाही. कपड्यांचा विषय मामाजींनी पुन्हा काढला नाही, आणि मी कशाला काढू? पुढची अकरा वर्षं मी परेडला गेले. त्यातल्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

"जाय लवकर," म्हणाल्या. "अन् जे सांगतात ते आयकून ये. तेथलं काही सुधारू नको."