सुईचं माप आणि तोंडाचं माप

हैदराबादहून डॉक्टरीची पदवी घेऊन मी तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा गोविंदराव कंपौंडर औषधांच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी आधी नमस्कार त्यांनीच केला. मी नुसती मान हलवली. काय तो तोरा! आज त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथात लिहिताना मला ओशाळायला होतं.

मिक्श्चरच्या प्रत्येक बाटलीला ते खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवीत. एक खाच म्हणजे एक डोस. पट्टी तिरकी बसली तर भिजवून काढीत आणि पुन्हा लावीत. बाहेर रांग कुरकुरे. अक्षर न येणाऱ्याचं औषध चुकता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता.

तामलवाडीच्या यमुनाबाई गर्भाशयाच्या कर्करोगानं शेवटाला आल्या होत्या. मॉर्फिनच्या सुईवर दुखणं आवरलेलं होतं, पण त्यांचा एकच धोसरा : "मला माज्या घरी न्या." गावात सुई देणारं कोणी नव्हतं. तेव्हा औषध तोंडानं सुरू करायचं, ते लागू पडलं की घरी पाठवायचं, असं मी ठरवलं. मुलगा गाडी घेऊन आवारात थांबला होता. सुईत जेवढं मॉर्फिन होतं तेवढंच मी मिक्श्चरमध्ये लिहून दिलं.

"लई बरं हाय," यमुनाबाई दिवसभर सांगत राहिल्या. मी खूश!

संध्याकाळी गोविंदरावांनी मला चार माणसांत नव्हे, व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, रागावू नका. बाईंनी पदर दातात धरलाय. सुईचं माप तोंडाला पुरत न्हाय. पोटातनं जाणाऱ्या औषधाला यकृताचा करोडगिरी नाका लागतो. निम्म्याहून जास्त तिथंच जप्त होतं."

निजामाचे ते जकातीचे नाके उठून चार-सहा वर्षं झाली होती. मला हसू आलं, मग राग आला. "डॉक्टर तुम्ही की मी?"

ते वाद घालत बसले नाहीत. आतून जाडजूड पुस्तक आणलं, पान उघडून टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. मी वाचलं. त्यांचं अक्षरन् अक्षर खरं होतं.

धावत खाटेजवळ गेलो. "आई, सांगायचं की हो!"

"सांगितलं असतं तर घरी धाडलं नसतं न्हवं तुमी," त्या म्हणाल्या.

मला रडू आवरेना. लगेच सुई दिली. पुढचे दोन दिवस तोंडाचा डोस बेताबेतानं वाढवला. श्वास मोजायला, गुंगी बघायला गोविंदराव स्वतः खाटेशी बसले. चुकीबद्दल त्यांनी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. गाडी जुंपताना मुलाला तीनदा बजावलं, "एका वेळी एकच खाच. हाक मारून जाग्या झाल्या न्हाईत तर पुढची देऊ नका. तसंच इकडं घेऊन या."

यमुनाबाई सतरा दिवस घरी होत्या. धुतलेली बाटली परत द्यायला मुलगा आला, तेव्हा त्यानं आधी गोविंदरावांचे पाय धरले. मग माझे. क्रम अगदी बरोबर होता.

पुढं मोठ्या शहरांतली मोठी इस्पितळं झाली. आता हाताखाली चार कंपौंडर आहेत. मी लिहीन त्याला "जी साहेब" म्हणतात. चुकत तर मी अजूनही असेन, पण सांगतंय कोण? संध्याकाळी औषधं लिहून झाली की हात कागदावरच थांबतो आणि गोविंदरावांची इतकी आठवण येते की जीव कासावीस होतो.

गोविंदराव, तुळजापूरला बदली मागणारा अर्ज मी परवा केला आहे. तुम्ही आता त्या खोलीत नसता, हे ठाऊक आहे. गावात तर असता ना? आई भवानी तुम्हाला ठणठणीत ठेवो, शंभरी दाखवो. मी लिहिलेलं रोज एकदा नजरेखालून घालायला मला तुम्ही हवे आहात.