रंगूनं विकलेली सुरमई

किन्हवलीच्या बाजारात रंगू मासळी घेऊन बसायची. सुकट, बोंबील आणि टेम्पोनं बर्फातून येणारा ओला माल. जिभेची फटकळ, पण शिळा मासा तिनं कधी कुणाच्या पिशवीत टाकला नाही. म्हणूनच टेम्पोवाल्या अनिलनं पांढऱ्याफेक तुकड्यांचं खोकं उतरवलं, तेव्हा तिनं आधी वास घेतला.

"सुरमई हाय. साफ करून आलेली, कातडी नाय, काटा नाय," अनिल म्हणाला.

वासात खोट नव्हती. त्या दिवशी एकच वाटा खपला, तो शेजारच्या जयरामनं नेला.

तिन्हीसांजेला त्याची बायको जानकीबाई धावत आली. तिचा उपास होता, जेवला होता एकटा जयराम. "रंगू गो, यांचे ओठ बधिर झालेत. पाय बी उचलत नाय!"

शहापूरच्या दवाखान्यात नेईस्तोवर त्याची जीभ लुळी पडली. डोळे मात्र टक्क उघडे. त्याला सगळं ऐकू येत होतं, हे रंगूला दिसत होतं. मग श्वास थांबला.

गावात कुणी म्हणालं जनावर चावलं, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. खोक्यातला उरलेला माल रंगूनं विकला नाही, टाकलाही नाही.

वस्तीतल्या धम्मपालची लेक मेघा कल्याणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. तिनं एक तुकडा मागितला.

"कशाला? सुरमईच ती," रंगू म्हणाली.

"डोकं नाय, कातडी नाय. सुरमई कशावरनं, मावशी?"

रंगूनं खोकं तिच्यापुढं सरकवलं.

"कातडी सोलता येते," मेघा तुकडा बर्फात ठेवत म्हणाली, "पण कणाकणात माशाची जात असते. डीएनए काढला की कळंल."

आठवडा उलटल्यावर तिचा फोन आला. "मावशी, ही सुरमई नाय. केंड हाय."

केंड, तो फुग्यासारखा फुगणारा विषारी मासा! कोळी त्याला जाळ्यातून काढून फेकून देतात. रंगूनं तडक अनिलला फोन लावला. "आजून कुटं टाकलीस खोकी?"

"म्हशाला," तो चाचरत म्हणाला. "जत्रेला."

रंगूनं सांगताच मेघानं पोलिसांना कळवलं. रंगू मात्र वाट बघत थांबली नाही, मिळेल त्या जीपनं म्हशाला गेली. बैलबाजाराची धूळ तुडवत ती खाणावळींच्या रांगेत शिरली. एका कढईत तेच पांढरे तुकडे लाल मसाल्यात तडतडत होते. समोर माणसं ताटल्या धरून उभी होती.

"उतर ती कढई! इख हाय त्यात!"

"बाई, धंद्याची खोटी करू नको," मालक खेकसला.

"या माशानं मानूस मेला. मीच विकला त्याला!" रंगू ओरडली.

रांग मागं सरली. एकानं तोंडातला घास थुंकला. मालकानं मुकाट्यानं गॅस बंद केला.

पोलिसांनी माल उचलला. तपासणीत तोही केंडच निघाला. अनिलला धरलं, पण बंदरावरच्या ज्या व्यापाऱ्याचं नाव त्यानं घेतलं, त्याचा फोन बंद होता.

त्या दिवशी जत्रेत पोलीस पंचनामा करत होते तेव्हा रंगू खाणावळीच्या मागं गेली. तिथं रिकामी खोकी पडली होती, एकावर एक. त्यातला माल कुणाकुणाच्या पोटात गेला, मालकाला सांगता येईना. रस्त्यावर माणसांनी भरलेल्या जीपा एकामागून एक आपापल्या गावांकडे निघाल्या होत्या. रंगू हात वर करून त्यांच्यामागं धावत सुटली.