बोगद्याची काठी

पनवेलहून सकाळची एसटी धरली. डोंगराच्या पायथ्याशी उतरले तेव्हा कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाई, इथेच ना?" मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, आणि बाईमाणसाने एकटीने कशाला तडमडायचं, हे आईचं वाक्य ठाण्याहून निघतानाच ऐकून झालं होतं.

या डोंगरावरच्या खाणीतून दगड उतरवायला एके काळी छोटी रेल्वे होती. भरलेले डबे उताराने आपसूक खाली येत, ब्रेकवाला त्यांना आवरी. रिकामे डबे माणसं ढकलत वर नेत. मधला बोगदा एकेरी. त्यासाठी एकच काठी असे. ती ज्याच्या हाती, त्यानेच आत शिरायचं आणि पलीकडे पोचल्यावर पुढच्याला द्यायची.

माझे वडील इथले ब्रेकवाले. मी चार वर्षांची असताना त्यांनी सोडलेला भरला डबा बोगद्यात रिकाम्या डब्यावर आदळला आणि दोन माणसं गेली. काठी हातात नसताना डबा सोडला, असं वडिलांनी स्वतःच चौकशीत सांगितलं. नोकरी गेली, गाव सुटलं, आणि आई पुढे ते वारेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. घरात चपलासुद्धा रेषेत लावणारा हा माणूस काठीशिवाय डबा सोडेल? मला ते कधी पटलंच नाही. मी बघायला निघाले होते खरी. पण इतक्या वर्षांनी काय बघणार होते, देव जाणे!

महायुद्धाच्या दिवसांत लोखंडासाठी रूळ उपटून नेले. उरली आहे ती खडी, आणि खडीतून वाढलेली कारवी. अर्ध्या चढावर चपलेचा अंगठा तुटला. शेतात भात कापणाऱ्या एका गृहस्थांनी सुंभाने तो बांधून दिला, वर तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) खायला घातलं. बोगद्यातून जाणार म्हटल्यावर त्यांनी बजावलं, की तोंडाशी खोबणीत काठी असेल तरच आत जा, नसेल तर डोंगरावरून वळसा घाल. मी हसून विचारलं, "आता डबे कुठे आहेत?"

"डबे नाय," ते म्हणाले, "पन बोगदा हाय ना."

आणि परत कापणीला लागले.

खोबण रिकामी होती. भर दुपारी आतून गार वारा येत होता. वीस मिनिटं वाट बघितली. मग माझा मूळचा उतावळेपणा उफाळला आणि मी आत शिरले. पन्नासेक पावलांत मागचा उजेड मिटला. भिंतीला हात लावला तर ओली, बुळबुळीत. पायाला गंजलेलं चाक लागलं. हे त्याच डब्याचं असेल का, असं मनात आलं. तेवढ्यात समोरून आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा टक. आवाज माझ्याकडे येत होता. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आणि खोटं कशाला सांगू, डोळे मिटून घेतले.

"आत कोन हाय?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. "काठी तर माज्याकडं हाय."

घाबरलेलं माणूस चिडतं तशी मी चिडले. म्हणाले, "मी इथल्या ब्रेकवाल्याची मुलगी. काठीशिवाय डबा सोडणाऱ्याची."

काठी आणखी एकदा टेकली, अगदी जवळ.

"तुजा बाप काठीबिगर सोडनारा नव्हता, बाय."

मग तिथेच उभ्याने तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी तिचा नवरा रिकामा डबा ढकलत होता. ढकलताना काठी हातात अडते. ती भाकरी घेऊन, बोगद्यात न शिरता, डोंगरावरच्या पायवाटेने वर निघाली होती. नवऱ्याच्या हातातलं ओझं बायकोने घ्यावं, तशी तिने काठी घेतली. डब्याच्या आधी ती वर पोचली. काठी वर आली म्हणजे बोगदा मोकळा, असं समजून वडिलांनी डबा सोडला. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मेलेल्या दोघांतला एक तिचा नवरा होता. प्रेतं बाहेर काढल्यावर वडील तिच्यापाशी आले आणि एवढंच म्हणाले, "तू काठी आणलीच नाहीस." खरं कळलं असतं तर गावाने तिला जगू दिलं नसतं.

"तवापास्नं रोज येते. काठी बोगद्यातून वर नेते, परत आनते," ती म्हणाली. "आता तू गावात सांग. मी नाय म्हननार नाय."

तिने अंधारात माझं मनगट धरलं आणि मला बाहेर आणलं. उजेडात पाहिलं तर ती माझ्या खांद्याइतकीसुद्धा नव्हती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, वडिलांचाच आला.

पायथ्याच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा गावकरी एसटीची वाट बघत बसले होते. कोण, कुठली, अशी चौकशी झाली. वडिलांचं काम सांगताच एकाने कप खाली ठेवला. "म्हंजे त्यो, काठी नसताना डबा सोडनारा?"

माझ्यामागोमाग उतरलेली म्हातारी रस्त्यापलीकडे उभी होती.

"हो," मी म्हटलं. "त्यांचीच."

एसटी आली, मी चढले, आणि पनवेल येईपर्यंत रडले.

आईपासून मात्र काही लपवलं नाही. ती गवार मोडत बसली होती. मी सांगत गेले, ती मोडत गेली. सगळं ऐकून झाल्यावर तिने भाजीचं ताट बाजूला सारलं.

"त्यांनी गावाला नाही सांगितलं ते ठीक," ती म्हणाली, "पण मला तरी सांगायचं होतं."