देवळाबाहेरची धून

उन्हं उतरताना नवरदेवाची मिरवणूक आमच्या गल्लीतल्या मारुतीपाशी थांबली. नवरदेव घोड्यावरून उतरून दर्शनाला आत गेला, मागोमाग सगळं वऱ्हाड. बाहेर उरले बँडवाले आणि ओट्यावर बसलेली मी.

हा बँड तालुक्याला एका नाचाच्या गाण्यामुळे ठाऊक आहे. लोक सुपारी देतात तीच त्या गाण्यासाठी. पण त्या रिकाम्या पाच मिनिटांत म्हाताऱ्या क्लॅरोनेटवाल्याने डोळे मिटून काहीतरी हळूच वाजवायला घेतलं, आणि सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी संथ हलू लागली.

"हे कोणतं हो, काका?"

"आमचंच बसवलेलं आहे, ताई. पण ह्याच्यावर नाचणार कोण?" ते हसले.

मलाही सगळे पुरणपोळीसाठी ओळखतात. सकाळी एकटीपुरती करते ती ताकातली उकड कुणी चाखलेलीच नाही.

देवळातली घंटा वाजली. नवरदेव बाहेर येताच वऱ्हाड ओरडलं, "काका, तेच होऊ द्या!" काकांनी गाल फुगवून तेच वाजवलं, अगदी जीव ओतून. मिरवणूक पुढे गेली.

ती धून मनात जपत मी घरात आले. चहा ठेवताना गुणगुणू लागले, तर ओठांवर आलं ते नाचाचंच गाणं.