चेनवालीची जागा

बसथांब्यामागच्या भिंतीला टेकून बावीस वर्षं एकच बाई बसत आली होती. पिशव्यांच्या, पर्सच्या, जॅकेटच्या बिघडलेल्या चेन दुरुस्त करायची. तिचं नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही. सगळा रस्ता तिला चेनवाली म्हणे. हातात कागद नाही, परवाना नाही. रोज सकाळी येऊन बसायचं, एवढाच काय तो मालकी हक्क.

म्हणून डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिला डोळ्यापेक्षा जागेचा घोर लागला. महिनाभरासाठी तिनं धाकट्या जावेला बसवलं. पण जाऊ जरा जास्तच पटकन हो म्हणाली आणि चेनवालीच्या मनात पाल चुकचुकली. त्यात शेजारचा कुलूपवाला तब्येत विचारायला आला आणि जाता जाता म्हणाला, धाकटीचं बस्तान छान बसलंय हो.

झालं. ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी तिनं काळा चष्मा चढवला, सुनेचा स्कार्फ तोंडाला गुंडाळला, एका धडक्या पिशवीची चेन स्वतःच्या हातानं बिघडवली आणि गिऱ्हाईक होऊन थाटात प्रवेश केला. आवाजही असा बारीक लावला की तिचा तिलाच ओळखू येईना.

"इथे आधी दुसरी बाई बसायची ना?"

जावेनं मान वर केली नाही. "बसायची. आता जागा माझी आहे."

चेनवालीच्या पायाखालची जमीन सरकली. ती तोंड उघडणार, तोच तिची नजर जावेच्या हातांवर गेली. बया तिच्याच पिशवीच्या चेनचा रनर उलटा चढवून वर पक्कडीनं दाबायला निघाली होती.

"अगं, चेनचे दात मोडशील!" तिनं पक्कड हिसकावली, रनर फिरवून बसवला, चेन सर्रकन बंद केली. सोंग तिथेच उतरलं.

जावेनं आधी त्या हातांकडे पाहिलं, मग चष्म्याकडे. "जाऊबाई, काल एक मोजेविक्या येऊन ही जागा पावलांनी मोजून गेला. मालकीण आजारी आहे म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत इथे त्याचे मोजे पसरले असते. म्हणून विचारेल त्याला हेच सांगते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डोळ्याची पट्टी काढून धावत आल्या असतात. आलातच म्हणा."

उत्तर बिनतोड होतं. नको इतकं बिनतोड होतं, आणि तेच चेनवालीला खुपलं. ती घरी गेली नाही. जावेला खेटून गोणपाट अंथरलं आणि बसली.

थोड्या वेळानं मुलाचं दप्तर घेऊन एक बाई आली. दोघींकडे आळीपाळीनं बघत तिनं विचारलं, इथली चेनवाली कोण?

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.