विंगेतून आलेला एक शब्द

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. दिवे मंदावले, खोकणारे खोकून मोकळे झाले, आणि पडदा वर गेला. समोर कोर्टाची खोली. मध्यभागी उंचावर न्यायाधीशांची खुर्ची. डावीकडे काचेच्या खोपटात आरोपी: इस्त्रीचा शर्ट, पाण्यानं बसवलेला भांग, आणि वय असं की कुणीही सहज त्याला 'अरे' म्हणून हाक मारावी. उजवीकडे साक्षीदाराचा पिंजरा. त्यात एक तरुण बाई उभी आहे, कठड्यावर दोन्ही हात ठेवून. आणि लोकांच्या बाकांवर, दुसऱ्या रांगेत अगदी कडेला, एक वाळका म्हातारा बसला आहे. मान पुढे, ओठ किंचित उघडे. तुम्ही त्याच्याकडे बघायचं काही कारण नाही. जन्मभर त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि त्यातच त्याचं कसब होतं.

तो आमच्या नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर. विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसून नटाला विसरलेलं वाक्य पुरवणारा माणूस. खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही सगळे त्याला कुजबूज म्हणायचो. त्याचा आवाज म्हणजे एक चमत्कार होता. नटाच्या कानापर्यंत बरोबर पोचायचा, आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला मात्र काही म्हणता काही ऐकू जायचं नाही. एका प्रयोगात आमचे राजेसाहेब दिमाखात सिंहासनावर बसले आणि पार कोरे झाले. पहिलं वाक्य नाही, दुसरं नाही, आपण कोण तेही नाही. विंगेतून आवाज आला, "तुम्ही राजे आहात. प्रधानावर चिडलेले आहात. चिडा." राजेसाहेब असे चिडले की टाळ्या थांबेनात.

नाटकाचं बाड त्याच्या मांडीवर असायचं, पण ते उघडायची वेळ क्वचितच यायची. एकदा कानावरून गेलं की त्याला पाठ. नाटकच कशाला, डॉक्टरचं बोलणं, शेजाऱ्यांचं भांडण, सगळं. एकदा मला म्हणाला, "बाई, काल तालमीत तुम्ही मला गाढव म्हणालात, त्याच्या आधी एक लांब श्वास घेतला होतात. तो प्रयोगातही घ्या. फार छान वाटतो."

पण त्याचा खरा अभिमान वेगळाच होता. नट बोलता बोलता गप्प होतो, तेव्हा एक तर तो थांबलेला असतो, नाही तर अडलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. थांबलेल्याला शब्द पुरवला तर प्रसंग मेला, अडलेल्याला नाही पुरवला तर नट मेला. "मानेकडे बघायचं, बाई," तो सांगायचा. "अडला की मान ताठते. थांबला असेल तर सैल असते." माझ्या एवढ्या वर्षांत त्यानं यात एकदाही चूक केली नाही.

त्याची बायको लवकर गेली. मुलगा विंगेतच वाढला, गुंडाळलेल्या जुन्या पडद्यावर डोकं ठेवून झोपणारं पोर. आम्ही बायका एंट्रीला जाताना त्याला ओलांडून जायचो. मोठा झाल्यावर तो कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागला, बुटांच्या विभागात. "बाबा लोकांच्या कानाशी बसतात, मी लोकांच्या पायाशी बसतो," तो हसत म्हणायचा. "आमच्या घराण्यात उभं राहायची रीतच नाही." त्याच दुकानात गल्ल्यावर बसणारी एक मुलगी त्याला आवडली आणि ती कुजबूजची सून झाली.

मग तो शनिवार आला. दुपारी, दुकान गजबजलेलं असताना, काचेच्या खोपटातला तो मुलगा बंदूक घेऊन आत शिरला. जे गेले त्यांत गिऱ्हाइकं होती, एक आजी आणि तिची नात होती, दारावरचा पहारेकरी होता, आणि कुजबूजचा मुलगा होता. सून गल्ल्याच्या मागे होती म्हणून वाचली.

गोळ्या कुणी झाडल्या याबद्दल खटल्यात वादच नव्हता. बचावाचं म्हणणं एवढंच होतं की त्या वेळी तो भानावर नव्हता. आणि तो भानावर होता हे डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस जिवंत उरलं होतं. सून. तिनं पाहिलं होतं की तो सरळ मागच्या दाराशी गेला, कडी घातली, ती नीट बसली का म्हणून हलवून पाहिली, आणि मगच बंदूक काढली. हे तिनं घरी सासऱ्याला एकदाच सांगितलं होतं, स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता, मान वर न करता. कुजबूजनं ऐकलं. एकदा ऐकलं, म्हणजे पाठ.

आता पुन्हा रंगमंचावर या. सून पिंजऱ्यात आहे. मी कुजबूजच्या मागच्या बाकावर.

"पुढे काय झालं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"तो मागच्या दाराशी गेला. कडी घातली. हलवून पाहिली. मग आवाज झाला. हे तेव्हा एका आजोबांच्या पायात बूट घालत होते. आवाज ऐकून उठले. दुसरा बूट हातातच होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं."

आणि ती गप्प झाली.

कोर्टात कुणाचा कागदही वाजला नाही. तिची मान मला दिसत होती, ताठ, एखाद्या काठीसारखी. कुजबूज जरासा पुढे झुकला. मला वाटलं, अरे नको, पण ते मनातच राहिलं.

"बूट."

तोच आवाज. तेवढाच, कानापुरता. पण हे नाट्यगृह नव्हतं. साक्षीदाराच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक होता, आणि न्यायाच्या कामात एक अक्षरही निसटू नये म्हणून तो भलताच तिखट कानाचा बसवलेला होता. खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, मोठ्यांदा, शब्द उमटला: बूट.

बचावाचे वकील केव्हाच उभे राहिले होते. "हरकत आहे! साक्षीदाराला पढवलं जातंय!"

"कोण बोललं?" न्यायाधीशांनी विचारलं.

कुजबूज उठला. "मी, साहेब. सवयीनं गेलं तोंडातून."

सुनेला बाजूला बसवलं आणि त्याला पिंजऱ्यात उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या लोकांसमोर उजेडात आला होता.

"आपण काय काम करत होतात?" बचावाच्या वकिलांनी विचारलं.

"प्रॉम्प्टर होतो."

"म्हणजे नक्की काय करत होतात?"

"नट अडला की त्याला वाक्य पुरवायचं."

"म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालणं हा आपला धंदा."

"तसंच म्हणा, साहेब."

"आणि आपल्या सुनेची ही साक्ष. तीही आपल्याला पाठ आहे का?"

नाही म्हणाला असता तर? पण खोटं बोलायला नट लागतो, आणि नट तो कधीच नव्हता.

"हो, साहेब. पाठ आहे."

"मला आणखी काही विचारायचं नाही," म्हणत वकील खाली बसले. आमच्याकडे इतक्या झोकदार एक्झिटला टाळ्या पडतात. तिथं मागच्या बाकावरून एका बाईचा हुंदका तेवढा आला. त्या आजीची मुलगी होती ती, त्या नातीची आई.

न्यायाधीशांनी निर्णय दिला. सुनेची साक्ष उद्या पहिल्यापासून पुन्हा घ्यायची. ती मानायची की नाही ते मागाहून ठरेल. आणि सासऱ्यांनी निकाल लागेपर्यंत कोर्टाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात सून त्याच्यासमोर उभी राहिली. रागानं तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय केलंत हे, बाबा?"

"अडलीस असं वाटलं गं. मान ताठली होती तुझी."

"आग लागो त्या मानेला! ही काय तुमची तालीम होती?"

"चुकलं माझं."

"मी अडले नव्हते. तिथपर्यंत हे उभे असतात, बाबा. हातात बूट घेऊन, माझ्याकडे बघत. पुढचं वाक्य म्हटलं की पडतात. म्हणून थांबले होते जरा. तेवढंही राहू दिलं नाहीत."

कुजबूज शर्टाच्या बाहीनं नाक पुसायला लागला. मी मध्ये पडणार होते, पण सुनेनंच पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला.

"नाक पुसा. उद्या मी एकटी जाईन. तुम्ही इथं बाहेर बसा. आणि देवाशपथ सांगते, दाराच्या फटीतून काही बोललात तर घरात घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि मी आत गेले. बाहेर काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, दोन्ही माणसांच्या आवाजांत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

आरोपीची आई आली. रोज यायची, पण दारापाशी आल्यावर पाय उचलायचा नाही. त्या व्हरांड्यात बाक एकच. कुजबूजनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती बसली.

"आत तुमची सून आहे ना?"

"हो."

"मला जाववत नाही आत." बराच वेळ ती हातातल्या किल्ल्यांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "लहान असताना तो..."

"नका सांगू, ताई," कुजबूज घाईनं म्हणाला. "मला एकदा ऐकलं की पाठ होतं. मग जात नाही. हे माझ्यात ठेवू नका."

ती उठली, कोपऱ्यातल्या नळावरून एक पेला भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. तो प्यायला.

"का प्यायलास रे?" मी विचारलं होतं.

"तहान लागली होती, बाई," तो म्हणाला.

आत सुनेनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. काल कडी म्हणाली होती, आज दाराची खिटी म्हणाली. आजोबांच्या पायमोज्याला भोक होतं म्हणून ते लाजत होते, हे काल सांगितलं नव्हतं, ते आज आलं. मग आवाज. मग नवरा उठला, हातात बूट, त्यानं तिच्याकडे बघितलं. आणि ती थांबली.

बचावाच्या वकिलांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले, उठायच्या तयारीत. सगळं कोर्ट दाराकडे बघायला लागलं. दार बंद. कुठूनही शब्द आला नाही. काल थांबली होती त्याहून जास्त थांबली. मी नाटकात थांबण्याच्या पुष्कळ मोठमोठ्या जागा घेतल्या आहेत, लोकांनी कौतुकही केलं आहे. तिच्या त्या थांबण्यापुढे ती सगळी पोरकट हौस वाटली मला.

मग ती म्हणाली, "बूट आधी पडला. मग हे."

बाहेर आले तर कुजबूज उठून उभाच राहिला. "थांबली का?"

"थांबली."

"मग?"

"मग बोलली. आपली आपण."

तो पुन्हा खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

निकालाला वेळ लागला. पण लागला तेव्हा सुनेची साक्ष मानली गेली होती. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की साक्षीदार दुसऱ्या दिवशी वेगळ्या शब्दांत बोलली, पण घटना तसूभरही हलली नाही. पढवलेल्या माणसाचं उलट असतं, त्याचे शब्द हलत नाहीत. आरोपी भानावर होता, दोषी होता. मरेपर्यंत कैद, असं पुढे ठरलं. पण शिक्षा सांगण्याआधी गेलेल्यांच्या घरच्यांपैकी एकेकाला बोलायची मुभा होती.

"मी दोनदा सांगितलं," सून म्हणाली. "आता तुम्ही."

"मला समोर उभं राहायची सवय नाही गं."

"मला तरी कुठं होती?"

बोलायचं ते त्यानं कागदावर लिहून काढलं, त्याची एक प्रत सुनेकडे दिली. मी त्याला शिकवायला गेले: आवाज पोटातून काढ, शेवटच्या रांगेकडे बघ. तो म्हणाला, "बाई, तुम्ही जन्मभर माझं ऐकलंत. आता या वयात मी तुमचं ऐकायचं म्हणजे काय दिवस आले बघा." त्या दिवसांतला त्याचा तो पहिला विनोद. सून हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला. शिपायानं ध्वनिक्षेपक त्याच्याजवळ सरकवला. आवाज बारीकच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. पडद्याच्या गुंडाळीवर झोपणाऱ्या पोराबद्दल त्यानं सांगितलं. नटांच्या बुटांच्या नाड्या बांधत बांधत ते पोर गाठ मारायला कसं शिकलं, आणि एकदा राजेसाहेबांच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून त्यानं अख्खा दरबार कसा आडवा पाडला. बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काचेच्या खोपटातला मुलगा आपल्या नखांकडे बघत होता. कुजबूजनं त्याच्याकडे बघितलं नाही. मग शनिवार आला.

"आवाज झाला," तो म्हणाला. "माझा मुलगा उठून उभा राहिला. हातात बूट होता. त्यानं माझ्या सुनेकडे बघितलं."

आणि तो गप्प झाला.

कागद हातात होता, पण तो त्याकडे बघत नव्हता. मी त्याच्या मानेकडे बघितलं. ताठ होती. शेजारी कुणीतरी नाक ओढलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"पाणी हवंय का आपल्याला?" त्यांनी विचारलं. मग ते हळूच म्हणाले, "कुणाला शब्द सुचवायचा असेल तर आज माझी हरकत नाही."

सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. तिच्या मांडीवर तीच प्रत होती, त्याच पानावर उघडी. ती उठून उभी राहिली.

"नको, साहेब," ती म्हणाली. "बाबा अडलेले नाहीत."

कुजबूजनं कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली, आणि कठड्यावरचे हात काढले.

"पुढचं पाठ आहे, साहेब," तो म्हणाला. "म्हणत नाही."