काम संपलं की सुट्टी

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीबाईंच्या हातचं होतं, आणि त्यांच्यापैकी एकालाही बाई माहीत नव्हत्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, बाई त्यावर मेणात एकेक दात बसवायच्या आणि तयार कवळी डबीत बसून परत जायची. कारखाना म्हणजे तीन खोल्या, प्लास्टरची पांढरी धूळ आणि खिडकीजवळचं बाईंचं टेबल. त्या टेबलाशी त्यांची सव्वीस वर्षं गेली. बाळंतपणाची रजा तेवढी घेतली, तीही पंधरा दिवस आधी परत येऊन.

अलीकडे मात्र उजवा हात कापायला लागला. समोरचे दोन दात काही केल्या एका रेषेत बसेनात. एके दिवशी मालक स्टूल ओढून शेजारी बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत एखादं तरुण माणूस हाताखाली घ्या. नाही मिळालं तर हे टेबल काढून टाकू, कवळ्या बाहेरून मशीनवरच्या मागवू. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवा."

चिठ्ठ्या! बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी त्याच दिवशी स्वतः जाहिरात लिहिली. 'कष्टाळू, होतकरू उमेदवार पाहिजे. पडेल ते काम करण्याची तयारी हवी. वातावरण घरच्यासारखं.' शेवटच्या वाक्यावर तर त्या स्वतःच खूश झाल्या.

तिघं आले. पहिल्याने बसायच्या आधीच विचारलं, "सुट्टी किती वाजता?"

"काम संपलं की."

"आणि काम संपतं किती वाजता?"

हे बाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काम संपल्याचं काही आठवेना. तेवढ्यात त्याने काढता पाय घेतला. दुसरा घरी विचारून सांगतो म्हणाला. त्याचं घर बहुधा फार लांब असावं. तिसरीने आत डोकावून नुसतं "घरच्यासारखं ना?" असं विचारलं आणि आली तशी गेली.

रविवारी सकाळी बाईंनी सगळा राग लेकीवर काढला. "तुमच्या पिढीला काम म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं!"

लेक केस पुसत जाहिरात वाचत होती. "आई, हे घरच्यासारखं तू लिहिलंस?"

"मग? चांगलंच आहे की."

"अगं, तेच वाचून पळतायत सगळे. घरच्यासारखं म्हणजे वेळेचा पत्ता नाही, नाही म्हणायची सोय नाही, आणि केलेलं कुणाला दिसत नाही."

"काहीतरीच! तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात तुझी खुर्ची रिकामी, आणि तू इकडे कुणाच्या तरी दाढा बसवतेयस."

जन्मभर लोकांना दात पुरवणाऱ्या बाईंची दातखीळच बसली. मग निमूटपणे त्यांनी जाहिरात बदलली. 'सहाला सुट्टी.' लिहिताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

गुरुवारी एक मुलगी आली. बाईंनी दिलेली पहिलीच दाढ तिने अशी बसवली की बाईंना खोड काढायला जागा राहिली नाही. सहा वाजले तशी ती एप्रन काढून उठली.

"अगं, चारच दात राहिलेत!"

"उद्या बसवते ना, मावशी. पळून जातायत थोडेच?"

ती गेल्यावर बाईंनी ते चार दात बसवून टाकले. दुसऱ्या दिवशी मुलीने कवळी उचलून उजेडात धरली. "हे कुणी केलं?"

"मीच. म्हटलं, तुला तेवढीच मदत."

"मग मी उद्यापासून येत नाही."

"अगं बाई! आभार मानायचे सोडून?"

"मावशी, शेवटचे चार दात रोज तुम्ही बसवणार असाल तर ते मी शिकायचे कधी? आणि तुम्ही सहानंतर बसलात की मालक मला विचारणार, तू का नाही बसत? माझ्याबरोबर निघणार असाल तर मी राहते." बोलता बोलता तिने एक दात हलकेच काढून पुन्हा बसवला. बाईंच्या हातून तो तिरका बसला होता. त्याबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही.

महिना संपायला पाच दिवस होते. कोपऱ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा तयारच होता.

"सहा म्हणजे," बाईंनी हळूच विचारलं, "सहाच, की सहाच्या सुमारास?"

"सहाच."

त्या दिवशी दोघी एकदमच बाहेर पडल्या. उजेड होता. समोर चपलांचं दुकान आहे हे बाईंना त्या दिवशी कळलं, आणि ते अकरा वर्षांपासून आहे हे मुलीकडून.

दार नवऱ्याने उघडलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "काय झालं? काढून टाकलं?"

"अहो, नाही. मुलगी टिकतेय. टेबल राहतंय."

"मग तू आत्ता घरी कशी?"

"सुट्टी झाली."

"कसली सुट्टी?"

"रोजची."

नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बरं. मग आता तू काय करणार?"

बाई खांद्यावरची पिशवी तशीच धरून खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"ते विचारायचं राहिलंच," त्या म्हणाल्या. "उद्या विचारते तिला."